मनगटाची दोरी

माझ्या मधल्या बहिणीचे यजमान गेली चार वर्षं जमिनीखाली दोन मजले काम करतात. कचेऱ्यांची एक मोठी इमारत आहे, तिच्या तळघरात गाड्या उभ्या करतात तिथं. तोंडात शिट्टी, हातात लाल दिव्याची कांडी. गाडी आली की "मागं, मागं, अजून मागं, बस." दिवसातून तीन-चारशे वेळा. सकाळी आठला खाली उतरतात आणि वर येतात तेव्हा ऊन गेलेलं असतं. ज्या माणसाला छपराखाली घास गिळवत नसे, त्याचं हे असं झालं. कसं झालं ते मला पुरतं ठाऊक आहे, कारण त्यात माझाही हात आहे. नशिबाच्या माथी मारून मोकळं होण्यात अर्थ नाही.

त्यांना आम्ही सगळेच दाजी म्हणतो. वास्तविक ते माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. पण धाकट्या भावानं दाजी म्हणायला सुरुवात केली आणि तेच घरभर चिकटलं. आम्ही तिघं भावंडं. मी थोरली, माझ्यानंतर बारा वर्षांनी मधली, तिच्यानंतर चार वर्षांनी धाकटा. डोंगराच्या पायथ्याशी वडिलांचं दुकान होतं. मी तोवर शिकून शहरात शाळेत लागले होते, सुट्टीतच काय ती घरी जायची. अशाच एका सुट्टीत पाहिलं तर मधली फळीमागं उभी राहून एका मध आणणाऱ्याशी कडाकडा भांडत होती. मध पातळ आहे, पाणी घातलंत. दर आठवड्याला तेच. पातळबितळ काही नव्हता. माणसानं थोडा वेळ जास्त थांबावं, एवढाच मतलब. शेवटी वडीलच वैतागून म्हणाले, "इतकं भांडायचंय तर लग्नच करून टाक बाई, म्हणजे हक्कानं भांडशील."

लग्न ठरताना दाजींनी देण्याघेण्याचं काही काढलं नाही. एकच म्हणाले, "धाकट्याला माझ्या दोरावर द्या."

हे दोराचं सांगायला हवं. आग्या मोहोळ झाडावर नव्हे, कड्याच्या पोटाला लागतं. वरून दोर सोडून माणूस खाली उतरतो, एका हातानं धूर करतो, दुसऱ्यानं पोळं कापतो. वर दोर कोणी धरायचा, याला मध काढणाऱ्यांत एकच कायदा: बायकोच्या भावानं. सख्खा भाऊसुद्धा नाही. सख्ख्या भावाला उद्या जमिनीचा वाटा जास्त मिळेल. बायकोच्या भावाला मात्र दोर सुटला तर बहीण आयुष्यभर आपल्याच दारात बसलेली दिसेल. मला हा हिशेब ऐकून हसू आलं होतं. दाजी हसले नाहीत. "अक्का, मायाबिया ठीक आहे. पण हात घामेजला की माया निसटते. बहीण निसटत नाही."

शिवाय एक बारीक दोरी असे. एक टोक खाली उतरणाऱ्याच्या कमरेला, दुसरं वरच्याच्या डाव्या मनगटाला. माश्यांच्या घोंघाटात हाक ऐकू जात नाही, म्हणून ही दोरी. खालून दोन झटके दिले की अर्थ, आहेस का? वरून उत्तर जायचं दोन छोटे झटके आणि एक लांब, सावकाश ओढ. आहे. तेवढंच. ही खूण प्रत्येक जोडीची वेगळी असते आणि तिसऱ्याला सांगत नाहीत. मलाही ती फार पुढं कळली, आणि कळायला नको होती अशा वेळी कळली.

धाकटा तेव्हा अठरा वर्षांचा, दुकानात पुड्या बांधणारा. पण दोर त्यानं धरला, आणि असा धरला की बोलायची सोय नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं मी त्याला जे बोलणार आहे ते ऐकून कुणाला वाटेल की मुलगा मुळातच खोटा. तसं नव्हतं. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी वारा फिरला, माश्या धुरासकट वर आल्या आणि त्याच्या तोंडावर बसल्या. पापण्यांवर, ओठांवर, कानात. हात सोडून तोंड झाकायची सोय नव्हती. दाजी पन्नास हात खाली लोंबकळत होते. त्यांनी दोन झटके दिले. वरून उत्तर आलं, दोन छोटे, एक लांब. वर आले तेव्हा धाकट्याचे डोळे मिटलेले आणि तोंडाचा भोपळा. आईनं एकतीस काटे काढले. दाजी त्याच्या शेजारी बसून म्हणाले, "आता कुठं चेहऱ्यावर जरा तेज आलंय तुझ्या." तो सुजलेल्या ओठांनी शिव्या देत होता आणि दाजी हसता हसता रडत होते.

बावीस वर्षं असं चाललं. मग कड्याला दगडाची खाण लागली. सुरुंगाच्या पहिल्या पंधरवड्यात माश्या गेल्या, दुसऱ्या वर्षी कडाच गेला. धाकटा आधी शहरात आला, माझ्याकडंच. उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुणाऱ्या एका कंत्राटदाराकडं लागला. उंचीची भीती नाही आणि जीभ तेलातली. अडीच वर्षांत स्वतःच कंत्राट घ्यायला लागला. आणि मी? मी दाजींना पत्रावर पत्र. डोंगरात काय ठेवलंय आता, मुलगी सासरी गेली, तुम्ही दोघंच, इकडे या, धाकट्याकडं काम आहे. मी निवृत्त झालेली, एकटी. बहीण जवळ यावी असं मला वाटत होतं, ते पत्रात लिहिलं नाही. त्यांच्या भल्याच्या गोष्टी लिहिल्या. आपला स्वार्थ दुसऱ्याच्या भल्याच्या कागदात गुंडाळणं शिकलेल्या माणसांना चांगलं जमतं.

आले. माझ्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर एक खोली, मोरी, आणि आडव्या माणसाचे पाय बाहेर राहतील एवढी गॅलरी. पहिल्याच दिवशी दाजी खोलीत उभे राहून चारी भिंतींकडे बघत मला विचारतात, "अक्का, या खोलीत वारा कुठून येतो?"

"पंखा लावा."

"पंख्याचा नको. वारा, वारा."

गॅलरीतून समोरच्या इमारतीची मोरी दिसायची. दाजींनी अंथरूण तिथंच टाकलं, डोकं आत आणि पाय कठड्यातून बाहेर. खालचे लोक वर बघून विचारायचे, कोणाचे पाय वाळत घातलेत? मधली म्हणायची, "आमच्या ह्यांचे. सुकले की घेते आत." लिफ्ट त्यांनी कधी वापरली नाही. सकाळी उठले की बोट ओलं करून हवेत धरायचे आणि जो कोणी पहिला भेटेल त्याला सांगायचे, आज वारा उत्तरेचा आहे. दूधवाल्याला, झाडूवाल्याला, मला. मी म्हणायचे, "दाजी, इथं वाऱ्याशी कोणाला काही देणंघेणं नाही." ते म्हणायचे, "वाऱ्याला असेल की."

तीन महिन्यांत माणूस निम्मा झाला. मधली माझ्याकडं येऊन म्हणाली, "अक्का, हे पिंजऱ्यातल्यासारखे फेऱ्या मारतात गं. चार पावलं जातात, भिंत येते, वळतात."

"मग काचांवर का जात नाहीत? बाहेरचंच तर काम आहे."

"म्हणतात, दोरावर कोण?"

धाकट्यानं तोंडभर शब्द दिला. माझ्यासमोर, त्यांच्याच खोलीत. "दाजी, मी कंत्राटदार असलो म्हणून काय झालं? तुमच्या दोरावर मीच. दुसरा कोणी उभा राहिला तर माझं नाव बदला." आणि पिशवीतून जुन्या बारीक दोरीची गुंडाळी काढली. जपून ठेवली होती त्यानं. दाजींनी ती हातात घेतली, दोन्ही टोकं ओढून बघितली आणि दुसऱ्या दिवशी बाविसाव्या मजल्यावरून खाली उतरले.

त्या दिवसापासून माणूस जिवंत झाला. संध्याकाळी यायचे ते सांगत सुटायचे. शहरात खरी हवा बाविसाव्या मजल्यावर आहे अक्का, खाली तुम्ही सगळे उरलंसुरलं पिता. घारी कमरेच्या खालून उडतात. पश्चिमेला फार लांब एक निळी रेघ दिसते, ती डोंगराची असावी. काचेत आत बसलेली माणसं पडदे ओढून दिवे लावतात, त्यांची त्यांना कीव येई. "एवढं आभाळ दाराशी आलंय आणि हे पाठ करून बसलेत." कचेरीतल्या पोरी त्यांना पाल म्हणतात, हेही त्यांनीच हसत सांगितलं. डोंगरात लोक घोरपड म्हणायचे. मधली फणकारली, "घोरपडीची पाल झाली आणि हसताय काय?" ते म्हणाले, "भिंतीला चिकटून आहे ना, मग झालं."

आता खरी गोष्ट. इथं कामाची रीत वेगळी होती. कड्यावर माणूस उतरतो आणि त्याच वाटेनं वर येतो, दोर धरणारा त्याला दिसतोच. इमारतीवर गच्चीवरून उतरायचं, काचांची एक रांग धूत धूत जमिनीवर यायचं आणि तिथंच सुटायचं. वर कोण राहिलं, उतरणाऱ्याला कळायचं कारण नाही. मोठा दोर गच्चीतल्या लोखंडी कडीला बांधलेला, कमरेच्या यंत्रानं आपणच सैल करत उतरायचं. वरच्या माणसानं फक्त लक्ष ठेवायचं. आणि दाजींच्या बाबतीत, मनगटाची दोरी.

पहिलं वर्ष-दीड वर्ष धाकटा उभा राहिला. मग एक दिवस मी माझ्या गळक्या नळाची तक्रार घेऊन त्याच्या ऑफिसात गेले. सकाळचे दहा. नवं ऑफिस, काचेचं टेबल, फिरती खुर्ची, आणि खुर्चीत हा.

"अरे, दाजी दोरावर आहेत ना आत्ता?"

"आहेत की."

"मग तू इथं काय करतोस?"

त्यानं आधी दार लावलं. "अक्का, दाजींना कठड्यावरून खाली सोडतो आणि निघतो. पाण्याच्या पंपावरचा माणूस असतो वर गच्चीत, जुना आहे, भरवशाचा आहे. मी रोज सहा तास गच्चीत मनगटाला सुतळी बांधून उभा राहिलो तर धंदा कोण करणार?"

"आणि त्यांनी झटका दिला तर?"

"त्याला शिकवलंय. दोन छोटे, एक लांब." टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं त्यानं. असं मला ते कळलं. "दोर कडीला असतो गं. मी असलो काय, नसलो काय, कडी पडत नाही. तुझं काय जातं? बोलू नकोस त्यांना."

खरं तर तिथंच त्याचे कान उपटायला हवे होते. नळ दुरुस्त करणारा माणूस त्यानं त्याच दुपारी पाठवला आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरली. दाजींना कळलं तर काम सोडतील, काम सोडलं तर शहर सोडतील, बहीण जाईल, संध्याकाळी माझ्याशी भांडायला कोणी उरणार नाही. हे सगळं मी जिना उतरता उतरता मनात मांडलं. आठ महिने गप्प राहिले. रोज संध्याकाळी दाजी सांगायचे, "आज धाकट्यानं लगेच उत्तर दिलं हं. हात अजून तसाच आहे त्याचा." आणि मी चहाच्या कपात बघायची.

मग एक ढगाळ दिवस आला. ऊन असलं की बाहेरून काचेत आभाळच दिसतं, आतलं काही दिसत नाही. त्या दिवशी बाहेर अंधारून आलं होतं आणि आत दिवे होते. अकराव्या मजल्यावर दाजींनी काचेला साबण लावला, रबराच्या पट्टीनं वरून खाली ओढला, आणि पुसलेल्या पट्टीत त्यांना धाकटा दिसला. हातभर अंतरावर. लांब टेबल, इमारतीचे व्यवस्थापक, समोर बशीत बिस्किटं, आणि धाकट्याच्या दोन्ही हातांत कप.

दाजींनी नंतर सांगितलं, मला आधी वाटलं, काचेत वरच्या गच्चीतलं प्रतिबिंब दिसतंय. म्हणून त्यांनी दोरीला दोन झटके दिले.

वरून उत्तर आलं. दोन छोटे, एक लांब. अगदी बरोबर.

त्या दोन हातांतला कप हललासुद्धा नव्हता.

तेवढ्यात धाकट्यानं मान वर केली. नजरानजर झाली. आणि त्या गाढवानं काय करावं? बोट वर करून खूण केली, एक मिनिट. आलोच.

दाजींनी काच अर्धी सोडली नाही. ती पुसली, खालच्या दहा पुसल्या, जमिनीवर आले, पट्टा सोडला, पंपवाल्यानं वरून टाकलेली बारीक दोरी गुंडाळली आणि चालत घरी आले. दोन तासांची वाट. मी मधलीकडेच बसले होते. ते आले, गॅलरीत न जाता आत भिंतीला टेकून बसले. त्यांना भिंतीला टेकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मागोमाग धाकटा आला, घामाघूम. "दाजी, ऐका तरी. त्यांनी अचानक बोलावलं. दुसऱ्या इमारतीचं काम..."

"कधीपासून?"

"आजच."

दाजी म्हणाले, "पंपवाल्याच्या हाताला सवय आहे. आजची नाही ती."

धाकटा चिडला. चूक झाली की चिडायचं, हा आमच्या घराण्याचाच गुण. "बरं, नाही आजची! पण पडलात का तुम्ही? ओरखडा तरी आला? दाजी, तो कडा नाही. दोर माझ्या हातात नसतोच. कडीला असतो, लोखंडाच्या! मी वर उभा राहून नुसता उन्हात वाळतो. तुमच्या समाधानासाठी किती वर्षं वाळायचं मी?"

"तसं सांगायचंस."

"सांगितलं असतं तर उतरला असता का तुम्ही?"

"नसतो उतरलो."

"मग!"

"मग काय मग? ते माझं मी ठरवलं असतं." दाजींचा आवाज चढला नव्हता. "कडी लोखंडाची आहे हे मलाही दिसतं रे. मी कधी विचारलं, दोर धरलास का? मी रोज विचारत होतो, आहेस का? आणि रोज कोणीतरी परका मला सांगत होता, आहे. खूण दिलीस तू त्याला. त्याची बहीण आहे का माझ्या घरात?"

मधली एवढा वेळ मोरीपाशी पाठ करून उभी होती. ती वळली आणि भावाला म्हणाली, "माझाच संसार होता ना रे त्या टोकाला?"

त्यावर तो रडकुंडीला येऊन माझ्याकडे वळला. "अक्का, तू तरी सांग. तुला तर मी सांगितलं होतं..."

बोलून गेला आणि जीभ चावली.

दाजींनी माझ्याकडे बघितलं. "अक्का, तुम्हाला ठाऊक होतं?"

पस्तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं मी. "होतं," म्हटलं. "आठ महिने."

ते मान हलवत राहिले. आठ महिन्यांतल्या संध्याकाळी मोजत असावेत. मग म्हणाले, "चहा बरा व्हायचा तुमच्याकडं."

पुन्हा ते काचांवर गेले नाहीत. धाकटा म्हणाला, मी परत उभा राहतो, रोज राहतो, लिहून देतो. दाजी म्हणाले, "आता तू उभा असशील तरी मला वाटेल पंपवाला आहे." डोंगरात परत जावं तर कडा नाही. महिनाभर खोलीत चार पावलं इकडे, चार तिकडे. मग हे तळघरातलं काम त्यांनी स्वतःहून शोधलं. मी भांडले. बागेत माळी व्हा, नर्सरीत जा, उघड्यावरची शंभर कामं आहेत. ते म्हणाले, "नको. तळघर चांगलं. तिथून खाली पडायला जागाच नाही. कोणाला विचारावं लागत नाही."

गॅलरीत ते आता झोपत नाहीत. तिथं मधलीनं ती बारीक दोरी बांधलीय आणि वर कपडे वाळत घालते. धाकटा दर महिन्याला काहीतरी घेऊन येतो, दारात उभा राहतो. ती ओले कपडे झटकते, दोन वेळा, त्याच्या अंगावर पाणी उडेल असे, आणि आत जाते. माझ्याशी बोलते. भाजीत मीठ किती आणि पाणी किती वाजता येतं, एवढंच बोलते. बहीण जवळ हवी होती ना मला? आहे. दोन जिने खाली.

गेल्या आठवड्यात दाजींचा डबा घरी विसरला म्हणून मी तळघरात घेऊन गेले. धुराचा वास, पिवळे दिवे, सिमेंटच्या खांबांवर आकडे. दाजी एका खांबापाशी उभे. केस पार पांढरे झालेत. की दिव्यानं तसे दिसले कोण जाणे. डबा घेतला. मी वळणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "अक्का, वर वारा कुठला आहे आज?"

चार वर्षांत पहिल्यांदा मला काही विचारलं त्यांनी. आणि मी रिक्षातून उतरून तडक आत आलेली, वाऱ्याकडे कोण बघतंय! पण गप्प राहवेना. "पश्चिमेचा," म्हटलं. ठोकून दिलं.

"असं होय," ते म्हणाले.

उतारावरून एक गाडी आली. दाजींनी शिट्टी वाजवली, कांडी हलवली, मागं, मागं, बस. चालवणारा उतरला, तेव्हा मी अजून तिथंच उभी होते. दाजींनी त्याला विचारलं, "साहेब, वर वारा कुठला आहे आज?"